दीड तोळ्याचें विमान

दिवाळीच्या सुटींत अंगणांत किंवा गच्चीच्या कोपऱ्यांत मातीचा किल्ला करण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांच्या त्या ढिगास कोणी प्रमाण विचारीत नाहीं. मावळा तटाहून उंच असला तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु किल्ला उभा राहतां राहतां आजोबांनीं सांगितलेली गोष्ट मुलाच्या मनांत जशी ठसते, तशी पुस्तकांतील धड्यानें ठसत नाहीं. लहान वस्तु करून मोठ्या गोष्टीचें स्मरण ठेवावें, हा मनुष्याचा फार जुना स्वभाव आहे आणि तो आपल्या घरांस परका नाहीं.

अलीकडे पुष्कळ घरांतून या मातकामाच्या जोडीस दुसरें एक हस्तकौशल्य येऊन बसलें आहे. मुलगा, पुतण्या किंवा नात वाढदिवसाच्या पैशांतून एक पेटी आणते. तींत करड्या प्लास्टिकच्या चौकटींत जडविलेले विमानाचे सुटे भाग असतात. ते कापावयाचे, घासावयाचे, सांधावयाचे, रंगवावयाचे. आणि पंधरा दिवसांनीं, महिन्यानें फडताळावर एक विमान उभें राहतें. त्यांतही ज्यांची मुलांस विशेष ओढ वाटते तीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत प्रयोग म्हणून बांधलेलीं पहिलीं जेट विमानें होत. त्यांचे आकार चमत्कारिक, संख्या थोडी आणि हकीकती अद्भुत. घरांतील वडील मंडळी मात्र तें विमान पाहून एक तर ‘वा, छान!’ म्हणून वर्तमानपत्रांत डोकें घालतात, नाहीं तर शेपटीवरील खूण पाहून कपाळास आठी घालतात. आमच्या मतें या दोहोंहून अधिक असें कांहीं करणें मोठ्यांचें कर्तव्य आहे. तें कोणतें, हें सांगण्यासाठीं या महिन्याचीं हीं पानें आम्हीं या चिमुकल्या विमानांस दिलीं आहेत.

प्रथम प्रमाणाविषयीं. या प्रतिकृतींत सर्वांत रूढ असें प्रमाण एकास बहात्तर हें होय. बहात्तर हा आंकडा कोठून आला असें मुलें विचारतात. त्याचें उत्तर इंग्रजी मापांत आहे. सहा फुटांचे बहात्तर इंच होतात, म्हणून सहा फूट उंचीचा मनुष्य या प्रमाणांत बरोबर एक इंच उंच होतो. ब्रिटनमध्यें १९३२ च्या सुमारास ‘स्कायबर्ड्स’ या नांवानें विकल्या जाणाऱ्या लांकडी व धातूच्या संचांनीं हें प्रमाण रूढ केलें. १९३६ मध्यें ‘फ्रॉग पेंग्विन’ या नांवानें तेथेंच प्लास्टिकचे संच याच प्रमाणांत निघाले.

युद्ध सुरू झाल्यावर हें खेळण्याचें माप कामाचें माप झालें. आकाशांत दिसणारें विमान आपलें कीं शत्रूचें, हें क्षणांत ओळखतां न आल्यास स्वपक्षाचेंच विमान पाडलें जाण्याचा धोका असे. म्हणून अमेरिकेनें १९४२ सालीं शाळेंतील मुलांकडून ओळख-शिक्षणासाठीं लांकडी विमानें कोरून घेण्याची योजना आंखली. उद्दिष्ट होतें पांच लाख प्रतिकृतींचें. एकास बहात्तर प्रमाणाचें विमान पस्तीस फुटांवर धरलें, तर तें खरें विमान अर्ध्या मैलाहून किंचित् कमी अंतरावर असावें तसें दिसतें. पस्तीस गुणिले बहात्तर म्हणजे २,५२० फूट. आणि अर्धा मैल २,६४० फुटांचा. हिशेब ज्यास करून पाहावयाचा त्यानें पाटीवर करून पाहावा. वर्गांतील सुतारकामाच्या तासाला कोरलेलें तें लांकूड पाहून शिकलेले सैनिक पुढें तोफेपाशीं उभे राहिले.

याच प्रमाणाचा दुसरा एक हिशेब आहे, आणि आमच्या या लेखाचा सारा भार त्यावर आहे. लांबी बहात्तरांश झाली म्हणजे पृष्ठभाग बहात्तर गुणिले बहात्तर, म्हणजे ५,१८४ पटींनीं घटतो. आणि घनफळ, व त्याबरोबर वजन, ३,७३,२४८ पटींनीं घटतें. मेसरश्मिट २६२ हें युद्धांत प्रत्यक्ष लढलेलें जर्मन जेट विमान उड्डाणाच्या वेळीं सुमारें साडेसहा हजार किलो भरे. त्याचें वजनही प्रमाणांत उतरवलें, तर तें साडेसतरा ग्रॅमांच्या आंत येतें. आपल्या जुन्या मापानें दीड तोळा. आकार तोच, रेषा तीच, पंखांचा तिरपेपणा तोच. पण वजन दीड तोळा. प्रतिकृतींत रूप टिकतें आणि भार नाहींसा होतो. विमानाच्या बाबतींत हें जितकें खरें, तितकेंच त्यामागील इतिहासाच्या बाबतींतही खरें आहे.

आतां त्या इतिहासाकडे वळूं. जेट म्हणजे काय, हें बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. पुढून हवा ओढावयाची, ती दाबावयाची, तींत इंधन जाळावयाचें, आणि तापून फुगलेला वायु मागून वेगानें सोडावयाचा. त्या झोताच्या प्रतिक्रियेनें विमान पुढें जातें. नाकावर फिरणारा पंखा येथें नसतो. ही कल्पना दोन देशांत, एकमेकांस ठाऊक नसतां, दोन तरुणांच्या डोक्यांत जवळजवळ एकाच सुमारास आली. ब्रिटनमध्यें फ्रँक व्हिटल या वैमानिक अधिकाऱ्यानें जानेवारी १९३० मध्यें, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, आपल्या यंत्राच्या एकस्वासाठीं अर्ज केला. सरकारी खात्यास त्यांत अर्थ दिसला नाहीं. आणि १९३५ सालीं तें एकस्व चालू ठेवण्याची पांच पौंडांची फी भरण्यास खातें तयार नसल्यानें व व्हिटलजवळ पैसे नसल्यानें तें रद्द झालें. जर्मनींत हान्स फॉन ओहाइन यानें १९३५ मध्यें गोटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली आणि पुढील वर्षीं तो हाइन्केल यांच्या कारखान्यांत गेला. त्याला पैसा, जागा व माणसें मिळालीं. २७ ऑगस्ट १९३९ रोजीं रोस्टॉकजवळ एरिख वार्झिट्स यानें हाइन्केल १७८ हें विमान उडविलें. जगांतील हें पहिलें जेट उड्डाण होय. त्यानंतर पांचव्या दिवशीं युद्ध सुरू झालें.

व्हिटलचें यंत्र बसविलेलें ग्लॉस्टर विमान क्रॅनवेल येथें गेरी सेयर यानें १५ मे १९४१ रोजीं उडविलें. तें आज लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें टांगलेलें आहे. ज्यास पाहावयाचें तो जाऊन पाहूं शकतो. हाइन्केल १७८ मात्र उरलें नाहीं. तें बर्लिनच्या विमानसंग्रहालयांत ठेवलें होतें, आणि १९४३ च्या बाँबहल्ल्यांत संग्रहालयासह नष्ट झालें. त्याचें रूप आतां छायाचित्रांत आणि प्रतिकृतींतच उरलें आहे. फडताळावरचें खेळणें येथें खेळणें राहत नाहीं. नाहींशा झालेल्या वस्तूचा तो एक प्रकारचा पुरावा होतो.

मूळ विमान पाहूनही जें उमगत नाहीं, तें कधीं कधीं प्रतिकृति जोडतांना उमगतें. मेसरश्मिट २६२ च्या पहिल्या नमुन्यांस शेपटीखालीं चाक होतें. तशा रचनेचें विमान कोणी जोडलें तर तें नाक वर करून बसतें, हें मुलाच्या लगेच ध्यानांत येतें. प्रत्यक्षांतही हीच अडचण आली. नाकावर पंखा नाहीं, म्हणून शेपटीवरून वाहणारा वारा नाहीं. पंखांच्या आडोशामुळें शेपटीचें सुकाणूं काम देईना, आणि शेपटी जमिनीवरून उठेना. १८ जुलै १९४२ रोजीं लाइपहाइम येथें फ्रिट्झ वेंडेल यानें धांवतां धांवतां क्षणभर ब्रेक दाबला. त्या हिसक्यानें शेपटी उचलली गेली आणि विमान केवळ जेटच्या बळावर प्रथमच उडालें. पुढें चाक नाकाखालीं आणण्यांत आलें. एक चाक मागून पुढें कां गेलें, हें हातांत विमान धरून दोन मिनिटांत समजतें. पुस्तकाच्या दोन पानांनीं समजेलच असें नाहीं.

युंकर्स २८७ ची गोष्ट याहून गमतीची. त्याचे पंख मागें नव्हे तर पुढें कललेले होते. असे पंख हवेंत कसे वागतात एवढेंच पाहावयाचें असल्यामुळें बाकीचें विमान मिळेल त्यांतून जुळविलें: धड एका हाइन्केल विमानाचें, आणि पुढचीं चाकें पाडलेल्या अमेरिकन बाँबफेकी विमानाचीं. पंखांवर लोकरीचे धागे चिकटवून त्यांची फडफड टिपण्यासाठीं पाठीवर चलच्चित्राचा कॅमेरा बसविला. ८ ऑगस्ट १९४४ रोजीं तें उडालें. घरोघरचीं मुलें उरल्यासुरल्या भागांतून आपल्या कल्पनेचें विमान जुळवितात, तेव्हां आई ‘हा काय पसारा!’ म्हणते, तिला ही हकीकत अवश्य सांगावी.

अमेरिकेनें व्हिटलच्या यंत्रावरून आपलें यंत्र बनविलें व १९४२ च्या ऑक्टोबरांत बेल कंपनीचें विमान वाळवंटांतील तळावर उडविलें. तें गुप्त राहावें म्हणून जमिनीवर असतांना त्याच्या नाकावर लांकडी पंखा अडकवीत. ज्या विमानाची सारी नवलाई पंखा नसण्यांत, त्यालाच खोटा पंखा! प्रतिकृतीस असा सुटा पंखा जोडणाऱ्या मुलाच्या हातून इतिहासांतील एक थट्टा आपोआप जतन होते.

आतां जपानकडे पाहूं, कारण या हकीकतीचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. जर्मन जेटयंत्रांची माहिती घेऊन ‘आय-२९’ ही जपानी पाणबुडी १९४४ मध्यें युरोपांतून निघाली. सिंगापूरला एक अधिकारी थोडे कागद घेऊन उतरला व विमानानें पुढें गेला. पाणबुडी मात्र २६ जुलै १९४४ रोजीं अमेरिकन पाणबुडीनें बुडविली. जर्मन यंत्राच्या उभ्या छेदाचें एक लहान केलेलें चित्र तेवढें जपानी अभियंत्यांच्या हातीं लागलें. त्या चित्रावरून आणि स्वतःच्या प्रयोगांतून त्यांनीं यंत्र उभें केलें. वस्तूवरून लहान प्रतिकृति करणें आपण पाहतों. येथें लहान चित्रावरून मोठी वस्तु झाली. ‘किक्का’, म्हणजे नारिंगाचें फूल, हें गोड नांव दिलेलें विमान ७ ऑगस्ट १९४५ रोजीं प्रथम उडालें. हिरोशिमावर बाँब पडून एक दिवस झाला होता. चौथ्या दिवशीं दुसऱ्या उड्डाणाच्या प्रयत्नांत तें धांवपट्टीपलीकडे गेलें, आणि १५ ऑगस्टला जपाननें शरणागति जाहीर केली.

हीच ती ‘आय-२९’ पाणबुडी, जिनें एप्रिल १९४३ मध्यें मादागास्करजवळील समुद्रांत नेताजी सुभाषचंद्र बोस यांस जर्मन पाणबुडीवरून आपल्यावर घेतलें व सुमात्राकडील साबांग बेटावर पोंचविलें. ज्या घरांत नेताजींची तसबीर आहे, त्या घरांतील मुलानें किक्का जोडलें असेल, तर तसबीर आणि विमान या दोहोंमधून गेलेली ती पाणबुडी त्यास जरूर दाखवावी.

येथवरची हकीकत बुद्धीची व साहसाची झाली. परंतु जें दीड तोळ्यांत मावत नाहीं तें अजून सांगावयाचें आहे.

हाइन्केल १७८ च्या दोन पंखटोंकांमधील अंतर ७·२ मीटर होतें. त्याच हाइन्केलच्या कारखान्यानें युद्धाच्या अखेरीस केलेलें हाइन्केल १६२ याचेंही तें अंतर तितकेंच, ७·२ मीटर. एकास बहात्तर प्रमाणांत दोन्हीं विमानें बरोबर दहा सेंटिमीटर रुंद होतात. शेजारीं शेजारीं ठेवलीं तर भावंडें दिसावींत. फूटपट्टीला त्यांत भेद दिसत नाहीं. भेद आहे तो मधल्या पांच वर्षांत.

हाइन्केल १६२ ची मागणी सप्टेंबर १९४४ मध्यें निघाली आणि ६ डिसेंबर रोजीं तें उडालें. धातूचा तुटवडा, म्हणून पंख लांकडी. अनुभवी वैमानिक मेलेले, म्हणून जुजबी शिक्षण दिलेलीं कोवळीं पोरें त्यांत बसवावीं असा बेत. लांकूड जोडण्याचा चांगला सरस ज्या कारखान्यांत होई तो बाँबहल्ल्यांत गेला होता. बदली सरसांत आम्ल अधिक असल्यानें तो लांकूडच खाऊं लागला. पहिल्याच उड्डाणांत चाकावरील झांकण निखळलें. तरी चार दिवसांनीं, १० डिसेंबरला, अधिकाऱ्यांसमोर विमान पुन्हां उडविलें. पंखाची कड सुटली, पंख फाटला आणि गोट्होल्ड पेटर हा वैमानिक ठार झाला. प्रतिकृति करणाऱ्या मुलास सरस धरेपर्यंत थांबण्याचा धीर नसतो. त्यास धीर शिकविण्यास याहून गंभीर दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

पण खरा भार पुढेंच आहे. बाँबहल्ल्यांपासून वांचण्यासाठीं कारखाने जमिनीखालीं नेले गेले. व्हिएन्नाजवळ हिंटरब्रूल येथें जिप्समची एक जुनी खाण होती, आणि तींत पाण्याचें तळें होतें. तें उपसून तेथें हाइन्केल १६२ चीं धडें बनविलीं जाऊं लागलीं. बनविणारे कोण? माउथाउझेनच्या छळछावणींतील कैदी. एप्रिल १९४५ च्या आरंभीं छावणी हलविली, तेव्हां जे आजारी कैदी चालूं शकत नव्हते त्यांस तेथेंच मारून टाकण्यांत आलें. मेसरश्मिट २६२ चीं धडें अशींच वरच्या ऑस्ट्रियांत सँक्ट गेओर्गेनजवळील बोगद्यांत होत. तेथें गूसेनच्या छावणीचे कैदी राबत, आणि त्यांपैकीं हजारों उपासमारीनें, मारानें व श्रमानें मेले. हिंटरब्रूलच्या खाणींत आतां पुन्हां पाणी आहे, आणि प्रवासी तेथें नावेंतून फिरतात.

एकास बहात्तर प्रमाणांत तो कैदी एक इंचाहूनही लहान होतो. पेटींत वैमानिकाची बाहुली असते. त्या कैद्याची नसते. आम्हीं ज्यास भार म्हणतों तो हा.

आपल्याकडील सुशिक्षित घरांतून जर्मन शिस्तीची व जर्मन विद्येची वाखाणणी पुष्कळ ऐकूं येते. त्या विद्येचा गौरव यथार्थच आहे. संस्कृताच्या अभ्यासकांस तर तो सांगावयास नकोच. परंतु या वाखाणणीच्या ओघांत हिटलरविषयींही कौतुकाचा एखादा शब्द सहज निघून जातो, आणि फडताळाजवळ बसलेलें मूल तो ऐकतें. ‘आणखी वर्षभर मिळतें, तर या विमानांनीं युद्ध फिरविलें असतें,’ हें वाक्य त्याच कौतुकाचें भावंड आहे. वस्तुस्थिति अशी, कीं निकेल व क्रोमियम यांच्या टंचाईमुळें मेसरश्मिट २६२ चें यंत्र दहा ते पंचवीस तासांच्या कामानंतर निकामी होई. चौदाशेंहून अधिक विमानें बांधलीं गेलीं, तरी इंधन, वैमानिक आणि सुटे भाग यांवांचून बरींचशीं जमिनीवरच राहिलीं. अद्भुत शस्त्रानें अधर्म तरला असता, ही समजूत मुलांच्या मनांत रुजूं देणें बरें नव्हे.

होर्टेन बंधूंच्या शेपटी नसलेल्या विमानाभोंवतीं अशीच दंतकथा वाढली. आकार वटवाघळासारखा, धड आणि पंख एकच. म्हणून रडारला तें दिसलेंच नसतें, असें म्हणूं लागले. प्रत्यक्षांत जेटयंत्र बसविलेला त्याचा एकच नमुना फेब्रुवारी १९४५ मध्यें उडाला आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेस एक यंत्र बंद पडून वैमानिक एर्विन त्सिलर याच्यासह कोसळला. पुढें २००९ च्या सुमारास एका अमेरिकन विमानकंपनीनें पूर्ण आकाराची लांकडी प्रतिकृति करून ती रडारपुढें ठेवली. दिसण्याचें अंतर कांहींसें कमी झालें, परंतु अदृश्यता कांहीं सिद्ध झाली नाहीं. दंतकथा पिकविण्यास लहान प्रतिकृति कारण झाली असेल. ती तपासण्यास मोठी प्रतिकृतिच उपयोगी पडली.

कांहीं पेट्यांत तर कधींच न बांधलेलीं विमानें असतात, केवळ कागदावरचीं. कुर्ट टांक यांच्या कचेरींतील टा १८३ हें त्यांपैकीं एक. परंतु त्याचे कर्ते कागदावर राहिले नाहींत. टांक युद्धानंतर अर्जेंटिनास गेले आणि १९५६ मध्यें भारतांत आले. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्यें त्यांच्या मार्गदर्शनाखालीं ‘मरुत’ हें भारतांत रचलेलें पहिलें लढाऊ जेट विमान १७ जून १९६१ रोजीं उडालें. यंत्र बसविण्यापूर्वीं त्याची पूर्ण आकाराची लांकडी, यंत्रहीन प्रतिकृति १९५९ मध्यें दुसऱ्या विमानाच्या मागें ओढून आकाशांत सोडण्यांत आली होती. मनासारखें बलवान् यंत्र त्यास कधीं मिळालें नाहीं, तरी १९७१ च्या युद्धांत त्यानें लोंगेवालाच्या रणांगणावर काम केलें.

त्याच कारखान्यांत आपले डॉ. विष्णु माधव घाटगे होते. कोल्हापूर भागांतील हा बुद्धिमान् पुरुष गोटिंगेनला प्राध्यापक प्रांट्ल यांच्या हाताखालीं शिकला. फॉन ओहाइन ज्या विद्यापीठांत पदवी घेत होता तेंच हें, आणि दशकही तेंच. घाटगे यांनीं परत येऊन ‘एच्. टी. २’ हें वैमानिकांच्या शिक्षणाचें विमान रचलें. तें १९५१ सालीं उडालें. विद्या तीच, तिचा एक प्रवाह बोगद्यांतील गुलामगिरीपर्यंत गेला आणि दुसरा शिकाऊ वैमानिकाच्या हातांत पहिलें सुकाणूं देण्यापर्यंत. हा भेद मुलांस दाखवावयास विमानासारखें साधन नाहीं.

राहिली शेपटीवरील खूण. जर्मनींत नाझी पक्षाचीं चिन्हें मिरविण्यास कायद्यानें बंदी आहे. म्हणून पुष्कळ पेट्यांत ती खूण नसतेच, किंवा दोन तुकड्यांत छापलेली असते. आपल्या उंबरठ्यावर, चोपड्यांवर, मंगलकार्याच्या पाटाभोंवतीं जें स्वस्तिक आपण काढतों तें कल्याणाचें. जर्मन लोक आपल्या त्या चिन्हास ‘आंकडेदार क्रूस’ म्हणत, आणि त्याखालीं काय झालें तें वर आलेंच आहे. मुलानें विचारलें, ‘आजी, हें आपलंच ना?’ तर तिनें गडबडून जाऊं नये व रागावूंही नये. आकार सारखा, पण अर्थ तो आकार ज्यांच्या हातीं होता त्यांच्या कर्मानें ठरला, एवढें तिनें शांतपणें सांगावें. खूण चिकटवावी कीं शेपटी कोरी ठेवावी, हा निर्णय मग मुलानेंच करावा. समजून केलेला कोणताही निर्णय न समजतां केलेल्याहून बरा.

आमची सूचना एवढीच, कीं घरांत हीं विमानें करूं द्यावींत; मना करूं नयेत. खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे सरसाचा व रंगाचा वास कोंडणार नाहीं, आणि पातें चालवितांना धाकट्यांजवळ कोणी थोरानें बसावें. हाइन्केल जोडलें असेल तर त्याच्या शेजारीं व्हिटलचें ग्लॉस्टरही ठेवावें. आणि विमान पुरें झालें म्हणजे मुलाकडून एका जाड कागदावर चार ओळी लिहवून त्याच्या पायाशीं ठेवाव्यात: हें कोणी कल्पिलें, केव्हां उडालें, त्यांत कोण मेलें, आणि तें कोणाच्या हातांनीं बांधलें गेलें. पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें पेटीवर बहुधा सांपडतात. चौथ्याचें उत्तर पेटीवर नसतें. तें शोधण्यास मुलाबरोबर बसणें, हें काकांचें, आत्याचें, आजोबांचें काम आहे. आणि दीड तोळ्याच्या विमानास त्याचें खरें वजन त्या एका ओळीनेंच परत मिळतें.